तळमजल्याच्या फरशीतून ओल येतेय, फरशी उखडावी का? (मच्छे, बेळगाव)

मच्छेकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. खानापूर रोडला मच्छेच्या बाजूला आमचं घर आहे. वास्तुशांत होऊन दोन वर्षं झाली. यंदा तरणा पाऊस लागला आणि हॉलमधल्या फरश्यांच्या सांध्यांतून पांढरी भुकटी वर यायला लागली. पुसली की दोन-तीन दिवसांत परत. देवघरातल्या कपाटाचं प्लायवूड खालून फुगलंय, दार लागत नाही. स्कर्टिंगच्या वर साधारण दोन फुटांपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटलेत. तिथे बोटानं दाबलं तर गिलाव्याचा भुगा पडतो. स्वयंपाकघर पूर्वेला आहे, ते कोरडं आहे. वरच्या मजल्यावर काहीच नाही.

जागा मूळची भाताची. भराव टाकून प्लॉट पाडलेले. आमच्या पश्चिमेचा प्लॉट अजून रिकामा आहे आणि त्याच्यापलीकडे शेत आहे, तिथे अजून भात लावतात. घर बांधलं तेव्हा जोतं रस्त्यापासून दीड फूट वर होतं. मागच्या वर्षी रस्ता उंच झाला, आम्हीही अंगणात पेव्हर ब्लॉक घातले. आता जेमतेम अर्धा फूट उरलंय.

कंत्राटदार म्हणतो, हॉलची फरशी काढून खाली वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारू आणि नवी फरशी बसवू, दिवाळीच्या आत होऊन जाईल. वडिलांना दमा आहे आणि त्यांची खोली हॉलला लागूनच आहे, त्यामुळे लवकर काहीतरी करायचंय. पण हॉल उखडायचा म्हणजे खर्च मोठा. कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

टिळकवाडी_जुने_घर
अण्णा, आधी शेजारच्या विहिरीत डोकावून बघा. आमच्या भागात १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आहे, सगळ्या बेळगावाला माहीत आहे. या पट्ट्यात पाणी मुळात वरच लागतं, आणि श्रावणात तर काही जुन्या विहिरींना बादली नुसती बुडवली तरी भरते. म्हणजे त्या दिवसांत घराखालची जमीन भिजलेलीच असते. वरून कितीही केमिकल मारलं तरी खालचं पाणी कुठे जाणार?

स्थापत्य_उद्यमबाग
मच्छेकर, फरशीला अजिबात हात लावू नका. ओल कुठून येते हे कळल्याशिवाय केलेला खर्च वाया जातो, असं मी या भागात खूप घरांत पाहिलंय. वाईट याचं वाटतं की माणसं दुसऱ्यांदा पैसे घालतात आणि पुढच्या आर्द्रात पुन्हा तेच.

फरशीवर ओल दिसते ती तीन वाटांनी येते. जमिनीतून वर चढते, हवेतून खाली बसते, नाहीतर घरातल्याच नळातून गळते. तिन्हीचे उपाय वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर उलट नुकसान होतं.

नळाचं आधी बघून टाका. रात्री सगळे नळ बंद करा, टाकीकडे जाणारा व्हॉल्व्हही बंद करा, मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी परत बघा. आकडा सरकला तर गळती. टाकीपासून खालच्या पाइपांसाठी टाकीतल्या पाण्याच्या पातळीला भिंतीवर खूण करून तसंच बघायचं.

मग प्लास्टिकची चाचणी. ही जगभर करतात, अमेरिकेत तर त्याचं लेखी मानक आहे. साधारण दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक, जाड प्लास्टिक घ्यायचं, चारी बाजूंनी टेपनं हवाबंद चिकटवायचं आणि किमान १६ तास सोडायचं. मी तर पूर्ण एक दिवस ठेवा म्हणेन. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: तुमच्या फरश्या व्हिट्रिफाइड असतील तर त्यांतून पाणी जवळजवळ येतच नाही, जे येतं ते सांध्यांतून. म्हणूनच भुकटी सांध्यांत दिसते. तेव्हा प्लास्टिक फरशीवर लावून काही कळणार नाही. कोपऱ्यातली, कपाटाखाली झाकली जाईल अशी एक फरशी काढा, खालचा मसाला खरवडून काँक्रीट उघडं करा आणि त्यावर लावा. जागा लहान असेल तर प्लास्टिकही त्या मापाचं कापा. प्लास्टिकच्या खालच्या अंगाला थेंब आले आणि काँक्रीट काळपट पडलं तर ओल जमिनीतून. वरच्या अंगाला थेंब आणि खाली कोरडं असेल तर हवेतून.

अशी एक चाचणी हॉलमध्ये पश्चिमेच्या भिंतीजवळ करा आणि एक स्वयंपाकघरात. दोन्हींतला फरक फार काही सांगून जाईल.

शहापूरकरीण
हवेतून बसणाऱ्या ओलीबद्दल मी सांगते, कारण आमच्या घरात वर्षानुवर्षं जमिनीलाच दोष देत होते सगळे. शहापुरात जुनं घर, खाली शहाबादी. मृग लागला की पहिल्या आठवड्यात फरशी अशी ओली की लहान मुलं घसरून पडायची. गंमत म्हणजे जुलैच्या झडीत कमी व्हायचं. उद्यमबागच्या सरांनी लिहिलंय तसंच प्लास्टिक लावून बघितलं, तर खाली खडखडीत कोरडं आणि वर थेंब.

दगडी फरशी जमिनीला टेकलेली, त्यामुळे गारच राहते. बाहेर वळीव पडून गेला की हवा एकदम दमट होते. ती हवा गार दगडाला लागली की पाणी सुटतं. आम्ही ओल सुकावी म्हणून दारं-खिडक्या सताड उघडायचो आणि त्यानंच जास्त व्हायचं. आता त्या आठवड्यात सकाळी खिडक्या मिटून पंखा लावते, दुपारी ऊन पडलं की उघडते. एवढ्यावर भागलं, एक रुपया लागला नाही.

पण दादा, तुमची भुकटी आणि गिलाव्याचा भुगा म्हणजे हे नव्हे. हवेच्या ओलीत खार फुटत नाही असा. तुमचं जमिनीतूनच असणार.

मेस्त्री_खानापूर
ताई बरोबर बोलल्या. खार फुटला म्हणजे पाणी आतनं येऊन बाहेर वाळायलंय. पाणी येताना जमिनीतली, सिमेंटातली क्षारं घेऊन येतंय, पाणी उडून जातंय, क्षार तिथंच राहतंय. गिलाव्याच्या आत साठलं की गिलाव्याला फोडतंय. अण्णा, ती भुकटी ओल्या फडक्यानं पुसू नका. पाण्यात विरघळून परत आत जाते. कोरड्या ब्रशनं झाडा आणि सुपलीत भरून बाहेर टाका.

आणि एक विचारतो. पाया कशाचा? जांभा चिरा हाय की काळा दगड? आमच्याकडं खानापूर, नंदगड, जांबोटीपर्यंत पायातसुद्धा चिरा वापरतात. चिरा चांगला, पण पाणी पितो. जमिनीच्या आत काळा दगड आणि जोत्यावर चिरा, ही जुन्या लोकांची पद्धत होती. कणकुंबीकडं तर जोतंच कमरेएवढं करायचे आणि भिंतींना झड लागू नये म्हणून झापं बांधायचे. आता सगळ्यांना गाडी दारातनं थेट आत घ्यायची असती, म्हणून जोतं खाली आलंय.

स्थापत्य_उद्यमबाग
मेस्त्रींनी मोलाचं सांगितलं. भारतीय मानकात जांभ्याच्या चिऱ्यानं वजनाच्या १२ टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये असं आहे, म्हणजे चांगल्यातला चांगला चिराही बऱ्यापैकी पाणी धरतो. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं पाणी चिऱ्यात, विटेत, काँक्रीटमध्ये चढतं. म्हणून जोत्याच्या पातळीला ओल तोडणारा थर लागतोच.

मच्छेकर (धागाकर्ता)
सगळ्यांचे मनापासून आभार. मीटरचा आकडा रात्रभरात हलला नाही, टाकीची पातळीही तशीच. हॉलमध्ये कपाटाखालची फरशी काढली. काँक्रीटवर प्लास्टिक लावलं, दुसऱ्या दिवशी खालून थेंबच थेंब, टेप सोडवताना ओघळ आला. काँक्रीट काळंभोर. स्वयंपाकघरात प्लास्टिक कोरडं, अगदी कडेला थोडी वाफ.

पाया काळ्या दगडाचा, वर प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीला काँक्रीटची आडवी तुळई), भिंती विटांच्या. जोत्यावर वेगळा ओलरोधक थर नाही. प्लिंथ बीम आहे म्हणून गरज नाही असं कंत्राटदार म्हणाला होता. कोब्याच्या खाली काय आहे विचारलं तर लाल मुरूम आणि मातीचा भराव, त्यावर चार इंच काँक्रीट. खडीचा थर नाही, प्लास्टिक नाही.

पश्चिमेच्या रिकाम्या प्लॉटमध्ये घोट्याएवढं पाणी उभं आहे. शेतातलं बांधावरून तिथे उतरतं.

स्थापत्य_उद्यमबाग
आता चित्र बरंच स्पष्ट झालं. उतार पश्चिमेकडून पूर्वेला. भातात आषाढापासून पाणी उभं, ते रिकाम्या प्लॉटमध्ये साचतं आणि भरावातून आडवं सरकत तुमच्या हॉलखाली येतं. स्वयंपाकघरापर्यंत पोचेतो कमी होतं. पहिल्या वर्षी दिसलं नाही कारण भराव तेव्हा कोरडा होता आणि बाहेरची जमीन खाली होती. रस्ता आणि पेव्हर वर आल्यावर बाहेरचं पाणी कोब्याच्या खालच्या भरावाच्या पातळीला आलं.

कंत्राटदाराचं केमिकल का टिकणार नाही ते सांगतो. ओल खालून येतेय आणि तुम्ही लेप वरून देणार. पाण्याचा रेटा लेपाला काँक्रीटपासून सुटवायला बघतो. वरून पाणी येत असतं, गच्चीसारखं, तर तोच लेप काँक्रीटवर दाबला गेला असता. दुसरं म्हणजे ओल्या काँक्रीटला लेप नीट धरतही नाही. आणि समजा धरला, तर हॉलमधून वर यायची वाट बंद झालेलं पाणी भिंतींकडे वळेल आणि दोन फुटांचे पापुद्रे तीन फुटांवर जातील.

म्हणून आधी बाहेरचं पाणी अडवा. पश्चिमेला भिंतीपासून तीन-साडेतीन फूट अंतर सोडून चर खणा, कोब्याच्या तळापेक्षा निदान फूटभर खोल, पण पायाच्या तळापेक्षा खाली जाऊ नका, पाया उघडा पडेल. चरात जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, त्यावर थोडी खडी, मग भोकं पाडलेला चार इंची पाइप, भोकं खालच्या बाजूला ठेवून. उतार शंभर फुटाला एक फूट. वरपर्यंत धुतलेली खडी भरा आणि कापड वरून गुंडाळा. कापड नसलं तर लाल मातीचा गाळ दोन पावसांत खडी बुजवतो. पाइपाचं तोंड पूर्वेच्या गटारात काढा, पण गटार भरल्यावर पाणी उलट येणार नाही अशा उंचीवर.

पेव्हरचा उतार आता कुठे आहे? बादलीभर पाणी ओतून बघा. भिंतीकडे जात असेल तर भिंतीलगतचे तीन फूट पेव्हर काढून उतार बाहेर करून परत बसवा.

आणि बाहेरचा गिलावा जमिनीपासून सलग वर गेलाय का बघा. प्लिंथ बीम पाणी बऱ्यापैकी अडवतो, पण बाहेरून गिलावा आणि आतून कोबा दोघेही बीमला वळसा घालून पाणी वर नेतात. बाहेरचा गिलावा बीमच्या पातळीला आडवा कापून एक खाच ठेवली तरी ती वाट तुटते. फार साधं काम आहे, पण कोणी करत नाही.

हिंदवाडीकर
सर, भिंतीला भोकं पाडून रसायन सोडतात ते इंजेक्शन करून घेतलं तर? आमच्या बिल्डिंगमध्ये एक कंपनी दहा वर्षांची हमी देते म्हणे.

स्थापत्य_उद्यमबाग
विटांच्या एकसारख्या भिंतीत ते चालतं. साधारण चार-पाच इंचांवर भोकं, मसाल्याच्या आडव्या सांध्यात, आणि रसायन पूर्ण जाडीत पोचायला हवं. दगडमातीच्या जाड भिंतीत आत पोकळ्या असतात, रसायन तिकडेच वाहून जातं. मच्छेकरांच्या भिंती विटांच्या आहेत, त्यामुळे शक्य आहे, पण चर आणि उतार झाल्यावर एक पावसाळा बघूनच. बाहेर पाणी उभं असताना इंजेक्शन मारणं मला पटत नाही. हमीपत्रात जमिनीतलं पाणी, पूर, जवळचं बांधकाम वगळलेलं असतं का, तेही वाचा.

कृष्णाकाठ_अथणी
आमच्याकडची गोष्ट निराळी आहे, तरी सांगतो, कारण चिकोडी, रायबाग, अथणी भागातलेही वाचत असतील. पाऊस तुमच्या निम्म्याहून कमी, पण काळी माती. ती भिजली की फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि घराचा कोबा वर-खाली होतो. भेगेतून ओल येते. म्हणून आमच्याकडे जोत्यात काळी माती कधीच भरायची नाही, खणून काढायची आणि मुरूम धुमसून भरायचा. घराभोवती तीन-चार फुटांचा पक्का पट्टा हवाच, म्हणजे पायाजवळची माती एकदम भिजत नाही आणि एकदम सुकतही नाही. भिंतीला लागून झाडं लावून रोज पाणी घालणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, नका करू.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घराघरांत आलं. ओसरल्यावर दिवाळीच्या आत सगळ्यांनी रंग दिले. ऑइलपेंट दिलेल्या भिंती वर्षभरानेही पोकळ वाजत होत्या. चुना दिलेल्या भिंती त्या मानाने लवकर सुकल्या. भिंतीला श्वास घ्यायला वाव हवा.

शहापूरकरीण
हे अगदी खरं. आमच्या मधल्या खोलीची भिंत मातीच्या मसाल्यातली. खालचा गिलावा सुटतो म्हणून कोणीतरी सिमेंटचा करून दिला, तर ओल सिमेंटच्या वर चढून निघाली. मग ते सगळं काढून चुन्याचा गिलावा केला. अजून थोडा खार येतो, पण झाडला की संपतं, भिंत टिकून आहे. जुन्या घरांना सिमेंट फासू नका, कळकळीनं सांगते.

निपाणकर
तंबाखूच्या वखारीचा अनुभव लिहितो. ओल लागलेली तंबाखू म्हणजे बुरशी, आणि बुरशी म्हणजे अख्खा ढीग गेला. त्यामुळे निपाणीत कोणी माल थेट जमिनीवर ठेवत नाही; खाली लाकडी फळ्या, आणि भिंतीपासून हातभर अंतर. घरातही पावसाळ्यापुरतं हेच करा. कपाटाखाली दोन इंचांचे ठोकळे द्या, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. मागून वारा फिरला की बुरशी धरत नाही. वडिलांचा पलंगही बाहेरच्या भिंतीपासून सरकवा, गादीखाली ओलीचा वास येतो का रोज बघा. दम्याच्या माणसाला बुरशी फार वाईट.

मच्छेकर (धागाकर्ता)
निपाणकर, आजच केलं. पलंग सरकवला तर मागच्या भिंतीवर तळहाताएवढा काळा डाग होता, कोणाच्या लक्षातच आला नव्हता. वडिलांना सध्या वरच्या खोलीत हलवलंय.

सर, समजा चर खणला, उतार केला. तरी हॉलच्या कोब्याखाली प्लास्टिक नाही ते नाहीच. फरशी कधीतरी काढावी लागेलच ना? आणि काढली तर खाली काय काय करायचं?

मेस्त्री_खानापूर
अण्णा, काढायची वेळ आली तर मी कसं करतो ते सांगतो. फरशी, कोबा सगळं काढायचं. भराव नऊ-दहा इंच खाली घ्यायचा, पाणी मारून धुमसायचा. त्यावर चार इंच खडी, ४० एमएमची, भुकटी नसलेली. खडीच्या मधल्या पोकळीतनं पाणी वर चढत नाही, म्हणून भुकटी नको. प्लास्टिकला टोचू नये म्हणून वरून बारीक खडी पसरून दाबायची. मग जाड प्लास्टिक. बाजारात मिळतंय ते पातळ, भात झाकायचं, ते नको. २५० मायक्रॉन मागा. जोडावर सहा इंच एकावर एक घ्यायचं, टेप मारायची, कडेला भिंतीवर जोत्याच्या पातळीपर्यंत वर वळवायचं. त्यावर काँक्रीट. पोरं घमेली घेऊन त्याच्यावरनं फिरताना फाडतात, तिथं उभं राहून बघा.

आणि पाणी! पन्नास किलोच्या पोत्याला बावीस-तेवीस लिटरच्या वर पाणी नको, ओल्या वाळूतलं धरून. कामगारांना पसरायला सोपं पडतं म्हणून वाट्टेल तेवढं ओततात. जास्तीचं पाणी उडून जातंय आणि त्याच्या वाटा काँक्रीटमध्ये राहतात, त्याच वाटेनं खालचं पाणी वर येतंय.

स्थापत्य_उद्यमबाग
मेस्त्री, तुमच्यासारखी माणसं प्रत्येक साइटवर हवीत. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी वजनाच्या पावपट पाणी पुरतं, बाकीचं फक्त काम सोपं करायला. जलरोधक द्रव मिसळायचा तर मानकाचा शिक्का बघून घ्या आणि डब्यावर लिहिलंय तेवढाच घाला. पण तो पातळ काँक्रीटवर उतारा नाही.

मच्छेकर, लगेच फरशी काढू नका. चर आता खणा, पुढचा पावसाळा बघा. बाहेरचं पाणी तुटलं आणि श्रावणात प्लास्टिकखाली नुसता दमटपणा राहिला, तर सांध्यांवरची भुकटी झाडत राहणं पुरेसं ठरू शकतं. तरीही थेंब आले तर मेस्त्री म्हणतात तसं, पण फेब्रुवारीत सुरू करा. काँक्रीट सुकायला इंचाला एक महिना असा ठोकताळा आहे, तोही पाणी मारणं थांबवल्यावर आणि कोरड्या हवेत. चार इंचांचे चार महिने. खाली प्लास्टिक असलं की काँक्रीट फक्त वरूनच सुकतं. दिवाळीला कोबा आणि आठवड्यात फरशी हे गणित जमत नाही. एप्रिल-मेचं ऊन आपल्याला फुकट मिळतं, ते वापरा.

हिंदवाडीकर
माझ्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये लाकडी लॅमिनेट घालायचंय. तिथेही प्लास्टिकची चाचणी पुरेल का?

स्थापत्य_उद्यमबाग
लाकडाला नाही पुरणार. प्लास्टिकची चाचणी वरवरचं सांगते. काँक्रीटला त्याच्या जाडीच्या ४० टक्के खोल भोक पाडून आत आर्द्रतेचा प्रोब बसवतात आणि २४ तासांनी आकडा घेतात. चार इंचांच्या काँक्रीटला दीड इंचाहून किंचित जास्त भोक. बऱ्याच लाकडी फरश्यांना आतली सापेक्ष आर्द्रता ७५ ते ८५ टक्क्यांच्या खाली लागते. तुमच्या मालाच्या कागदावर जो आकडा असेल तोच धरा. आणि मोजमाप पावसाळ्यात करा. मे महिन्यात सगळ्यांचंच काँक्रीट पास होतं.

मच्छेकर (धागाकर्ता)
कंत्राटदाराला नाही म्हटलं. बादली ओतून बघितली, पाणी सरळ भिंतीकडे गेलं. पश्चिमेच्या प्लॉटवाल्यांशी बोललो, ते सांगलीला असतात. त्यांच्या हद्दीतून बांधालगत पाट काढून पाणी पूर्वेच्या गटारात न्यायला त्यांची हरकत नाही. भात कापून झालं की चर खणायला घेतो. मेस्त्री, मच्छेपर्यंत येता का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोय.

मेस्त्री_खानापूर
येतो की अण्णा. खडी आणायच्या आधी मला बोलवा. धुतलेली म्हणून भुकटीच टाकून जातात, गाडी रिकामी व्हायच्या आधी बघायला पाहिजे.